गुनवोरचा निळा पापुद्रा

जुलै लागला की नॉर्शॉपिंगमध्ये माणूस औषधालाही सापडत नाही. जो तो गळ आणि नव्या बटाट्यांची पिशवी घेऊन आपल्या तळ्याकाठच्या लाल लाकडी घरात जाऊन बसतो. मागे उरतात बदकं, पिवळ्या ट्राम आणि ज्यांचं काहीतरी अडलेलं आहे अशी दोन-चार डोकी. यंदा त्यांत इल्वा होती.

तिची लॅब नदीला लागून असलेल्या जुन्या सूतगिरणीत होती. माग केव्हाच भंगारात गेले, उंच खिडक्या तेवढ्या राहिल्या. आणि या दिवसांत ऊन त्या खिडक्यांतून असं आत घुसतं की पडदे ओढले तरी कुठल्या ना कुठल्या फटीतून डोकावतंच. अंधाराला भिणाऱ्या माणसाने खुशाल इथे यावं. भिण्याइतका अंधार जुलैत पडतच नाही.

विभागप्रमुख स्टाफान अर्ध्या चड्डीत निरोप घ्यायला आला. त्याची बायको खाली गाडी चालू ठेवून बसली होती.

"खरंच नाही घेत सुट्टी?" त्याने विचारलं.

"महिनाअखेरची मुदत आहे ना."

"हे बघ, जमलं तर सोन्याहून पिवळं. नाही जमलं तर शोधनिबंध आपणच मागे घेऊ. कुणी उठवायच्या आत उठलेलं बरं दिसतं."

"निबंध गुनवोरचा आहे, स्टाफान. तिचं सगळं आयुष्य आहे त्यात."

"म्हणून तर म्हणतोय," तो खाली बघत म्हणाला. "ती असेपर्यंत..." पुढचं त्याने गिळलं. खालून हॉर्न वाजला आणि तो सुटल्यासारखा जिना उतरला.

गोष्ट साधी होती. वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचे थर बनवण्यात गुनवोरचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिलिकॉनच्या चकतीवर तिने निळसर पापुद्रा चढवावा, केसाचे हजार उभे काप केले तर एक काप येईल इतका पातळ, आणि बघणाऱ्याला तो दिसूच नये. दिसावा फक्त चकतीच्या चकाकीत आलेला जांभळानिळा फरक. गेल्या वर्षी तिने असा एक पापुद्रा बनवला की ज्यातून वीज जवळजवळ धातूतून धावावी तशी धावत होती. असल्या नाजूक वस्तूला तारा टोचून चालत नाही, म्हणून पुरावा होता तो प्रकाशाचा. तिरका किरण पापुद्र्यावर सोडायचा, परतणारा किरण किती बदलून आला ते बघायचं, आणि त्यावरून आतली हकिकत ताडायची. गुनवोरने ताडली, निबंध छापून आला. मग दुसऱ्या देशातल्या लोकांनी आक्षेप घेतला: मापन चालू असताना पापुद्र्याची जाडीच बदलत होती, तेव्हा या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. निबंध छापणाऱ्या मासिकाने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत त्याच पापुद्र्याचं पुन्हा मापन करा, जाडी स्थिर दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या. नवा पापुद्रा बनवायचा प्रश्न नव्हता. त्या जातीचा एकच उरला होता आणि तो बनवणारे हात आता शुश्रूषागृहातल्या पलंगावर होते. गुनवोरची फुप्फुसं थकली होती. लबाड किंवा निष्काळजी म्हणून नाव लागून ती जावी, हे इल्वाला सहन होणारं नव्हतं.

इल्वा जे काही शिकली ते तिच्याकडून. पहिल्याच दिवशी तिने गुनवोरला काहीतरी विचारलं आणि गुनवोरने ओठ आवळून श्वास सुर्रकन आत ओढला. इल्वा घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावली. गुनवोर पार उत्तरेकडची, जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या गावातली. तिकडे 'हो' म्हणताना शब्द बाहेर टाकत नाहीत, श्वास आत घेतात.

"अगं, हो म्हणतेय मी," गुनवोर खो खो हसत म्हणाली होती. "मरत नाहीये!"

आणि तिची ती शिस्त! निळे पापुद्रे हवेतला ओलावा पितात आणि फुगतात. माणसाचा एक उच्छ्वासही त्यांना पुरतो. त्यामुळे चकती यंत्रावर ठेवायची वेळ आली की गुनवोर हुकूम सोडायची, "श्वास!" की खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. ती "सोडा" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मंत्र्यासोबत आलेले बडे पाहुणेसुद्धा एकदा गाल फुगवून, लालबुंद होऊन उभे राहिले होते. स्वतः गुनवोर मात्र त्या वेळात आरामात चकती सरळ करायची, डोळा लावून किरण बसवायची, वर पुन्हा एकदा तपासायची. एवढा दम त्या किरकोळ अंगाच्या बाईत कुठून यायचा कोण जाणे.

इल्वाने या खेपेला ओलाव्याला दारच ठेवलं नाही. चकती बंद धातूच्या डबीत ठेवली. डबीला किरण आत जायला एक काच, बाहेर यायला एक काच, आणि आतून सतत कोरडा नायट्रोजन. मुख्य मापन अवरक्त प्रकाशाचं, फार सावकाश चालणारं; त्याच्या जोडीला एक साधा किरण पापुद्र्याची जाडी सतत मोजत राहणार आणि ती पडद्यावर एका रेघेने दिसणार. रेघ सपाट राहिली की काम फत्ते.

तिने यंत्र चालू केलं, बशीतला वेलचीचा पाव हातात घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. रेघ वर चढत होती.

जरा चढली, थबकली, मग खाली आली. पुन्हा चढली.

चढउतार एवढासा की पापुद्र्यालाही पत्ता लागू नये, पण होता नेमका. इल्वा वैतागली. लॅबच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तिने आधी ट्रामला दोष दिला. ट्राम केव्हाच पूल ओलांडून गेली, रेघ हलत राहिली. मग तिने नायट्रोजनच्या नळ्या बदलल्या, डबीचे स्क्रू पुन्हा आवळले, वायुवीजन बंद केलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला. रेघेला त्याचं काही नव्हतं. शेवटी तिने गुनवोरची चकती काढून स्वतः बनवलेली एक ठेवली. रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट. पुन्हा गुनवोरची ठेवली, आणि रेघ चढू लागली.

आता तिने नीट पाहिलं. काही लहान चढउतार, मग एक खोल, आणि त्यानंतर रेघ तळाशी जरा जास्तच वेळ रेंगाळायची. इतका की पुढचा चढ येतो की नाही अशी शंका यावी. मग यायचा. इल्वाच्या हातातला पाव तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती स्ट्रॉबेऱ्या घेऊन गुनवोरकडे गेली. दारात बूट काढले. शुश्रूषागृहाच्या खिडकीबाहेर लिंडेनची झाडं फुलली होती आणि त्यांचा गोड वास औषधांच्या वासात मिसळला होता. नसरा, गुनवोरची काळजी घेणारी सोमाली मुलगी, उशी सारखी करत होती.

"आली बघ तुझी लाडकी," नसरा म्हणाली. "सकाळपासून माझं डोकं खातेय. इल्वाचा फोन आला का, इल्वाचा फोन आला का!"

"खोटारडी," गुनवोर म्हणाली. नाकात ऑक्सिजनची नळी होती तरी डोळे पूर्वीचेच. "काय गं, मोजलंस?"

"चालू आहे."

"तोंड का पडलंय मग? हलतोय ना?"

इल्वाने मान हलवली. "बंद डबीत, कोरड्या हवेत. कसा हलेल? पण हलतोय."

"स्टाफान काय म्हणतो?"

"फोनवर म्हणाला, सरासरी काढ आणि पाठवून दे."

"सरासरी!" गुनवोरला खोकला आला. नसराने तिला धरून बसवलं. खोकला ओसरल्यावर ती हळू म्हणाली, "तसलं नको करूस. माझं नाव जाऊ दे एक वेळ, पण तसलं नको. तो पापुद्रा चांगला आहे, इल्वा. मी पुष्कळ बनवले, पण हा एकच मनासारखा उतरला."

"पण तो हलतो कशामुळे?"

गुनवोरने खिडकीबाहेर पाहिलं. "मला वाटायचं, मी जवळ उभी असते म्हणून," ती म्हणाली. मग तिचे डोळे मिटले.

इल्वा तिच्या उशाशी बसून राहिली. पांघरूण वर होत होतं, खाली होत होतं. काही लहान श्वास. एक खोल. मग काहीच नाही. इल्वाची नजर पांघरुणावर खिळली. काहीच नाही... आणि मग पुढचा आला. तिने स्ट्रॉबेऱ्यांचं भांडं उचललं, धुतलेलंच पुन्हा धुतलं आणि नसराला न सांगताच बाहेर पडली. आजारी माणसं असाच श्वास घेतात, तिने ट्राममध्ये स्वतःला समजावलं. योगायोग नावाची गोष्ट असते जगात. ती शास्त्रज्ञ होती आणि तिला हे वाक्य पटायला हवं होतं.

पुढचे दिवस तिने रेघेकडे पाठ करून काढले. मॉडेलं बदलून बघितली, आकडे चाळून बघितले. एका दुपारी ती कॉफी ओतत असताना सहज मान वळली आणि तिला रेघ पिसाटलेली दिसली. वरखाली, तुटक, दातेरी. कॉफी टेबलावर सांडली. जरा वेळाने दातेरे मावळले आणि जुनी दमलेली चाल परतली.

तिने फोन लावला.

"बरं झालं केलास," नसरा म्हणाली. "आत्ताच मोठी उबळ येऊन गेली. घाबरले गं मी. आता बरी आहे, झोपलीय."

"मघाशी? आत्ता?"

"हो, आत्ताच. तुला कुणी सांगितलं?"

इल्वाने काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण त्याहून जास्त तिचा ऊर भरून आला. या बाईने जन्मभर पापुद्रे बनवताना जीव ओतला असं सगळे म्हणायचे, आणि म्हणून विसरून जायचे. त्यातल्या एका पापुद्र्याने ते खरं मानलं होतं.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तो लख्ख. खिडकीखाली धरणाचं पाणी कोसळत होतं, पलीकडच्या काठावर कुणीतरी पोरांना आइस्क्रीमसाठी दटावत होतं. इल्वाने सकाळभर प्रयत्न केले. प्रत्येक वेळी अवरक्त मापन अर्ध्यात यायचं आणि रेघेच्या हलण्याने सगळं पुसट व्हायचं. उत्तर त्या पुसटपणाच्या मागे होतं. दिसत होतं आणि हाती लागत नव्हतं.

दुपारी स्टाफानचा फोन आला. मागे लाटांचा आवाज होता.

"मी पत्र तयार ठेवलंय," तो म्हणाला. "निबंध मागे घेतल्याचं. संध्याकाळपर्यंत तुझं काही आलं नाही तर पाठवतो. वाईट मलाही वाटतंय, इल्वा."

"थांब अजून."

"थांबलोच आहे. पण जाडी हलतेय ना?"

"हलतेय."

"मग काय उरलं?"

तिने फोन ठेवला. खोलीत नायट्रोजनची बारीक फुसफूस तेवढी होती. इल्वा डबीजवळ गेली. आत, काचेमागे, चकतीवर तो जांभळानिळा तवंग चमकत होता.

तिला कळत होतं की आपण काय करतोय. नंतर तिने स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं की कळत नव्हतं, पण कळत होतं.

"गुनवोर," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "एकच मापन आहे. पूर्ण होईपर्यंत स्थिर राहावं लागेल. जमेल?"

रेघ तळाशी रेंगाळली होती.

मग ती एकदम वर गेली. एवढी सरळ, एवढी झटक्यात ती कधीच चढली नव्हती. सुर्रकन.

इल्वा पडद्याशी सरकली. "श्वास," ती पुटपुटली आणि तिने मापनाचं बटण दाबलं.

रेघ वरच राहिली. सपाट.

अवरक्त किरण आपल्या मंद गतीने सरकू लागला. पडद्याच्या दुसऱ्या भागात एकेक ठिपका उमटत गेला. इल्वा खुर्चीवर बसली नाही. खिडकीतला उन्हाचा चौकोन जमिनीवरून टेबलाच्या पायापर्यंत आला, पायावरून वर चढला. ठिपके येत राहिले. त्यांची वक्ररेषा झाली, स्वच्छ, एकाही डागाशिवाय; आणि तिचा कल तोच होता जो गुनवोरने निबंधात छापला होता. तसूभरही फरक नाही. धातूसारखी वाहणारी वीज, केसाच्या हजाराव्या कापात. खरी होती म्हातारी. सगळ्या जगाशी एकटी खरी होती.

शेवटचा ठिपका पडला. इल्वाने आकडे मासिकाला पाठवले, स्टाफानला पाठवले, आणि तिला रडू कोसळलं.

"झालं, गुनवोर!" ती ओरडली. "झालं गं! सोड आता."

रेघ सपाट होती.

"सोड ना."

सपाट.

टेबलावरचा फोन वाजला. नसरा होती. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"गुनवोर गेली, इल्वा. मघाशीच. मी किती फोन केले, तू उचलत नव्हतीस... ती झोपली होती. एकदम उठून बसली आणि 'हो' म्हणाली, तिच्या त्या पद्धतीने, श्वास आत ओढून. आणि मग सोडलाच नाही. मी म्हटलं, सोड गं, सोड. तिने हात वर केला, थांब म्हणून. त्रास नव्हता चेहऱ्यावर. हसत होती."

इल्वा टेबलाला टेकली.

"डॉक्टर येऊन गेला. नाडी नाही, काही नाही, गेलीय म्हणाला. पण इल्वा..." नसराचा आवाज अगदी बारीक झाला. "तिची छाती अजून भरलेलीच आहे. खालीच येत नाही. मी एकटी आहे इथे. मला भीती वाटतेय."

"नसरा, ऐक. तिच्या कानाशी जा."

"काय?"

"जा. तिला सांग, मापन झालं. आकडे तिचेच आले. सांग, इल्वा म्हणतेय, सोड."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग नसराचं हळू आवाजातलं बोलणं.

इल्वा पडद्याकडे बघत होती.

रेघ खाली येऊ लागली. सावकाश, अतिशय सावकाश, कुठेही न थरथरता. खूप वेळ येत राहिली. फोनमधून नसराचा हुंदका ऐकू आला आणि तिच्या भाषेतली प्रार्थना. रेघ तळाला टेकली आणि तिथेच राहिली. इल्वा जमिनीवर बसली आणि पोटभर रडली. गुनवोरचं नाव राहिलं होतं. गुनवोरला ते कळलं होतं. याहून जास्त ती काय देऊ शकली असती?

डोळे पुसून ती यंत्र बंद करायला उठली.

रेघ वर चढत होती.

ही चाल दमलेली नव्हती. ती भरभर होती, रडून गेलेल्या माणसाची, मधे मधे अडखळणारी. इल्वा बघत राहिली. रेघ अडखळली, त्याच क्षणी तिच्या घशात उरलेला हुंदका अडखळला.

तिने तोंडावर हात दाबला आणि श्वास रोखला. रेघ थांबली.

बाहेर ऊन होतं. पुलावरून ट्राम घंटा वाजवत गेली. इल्वाने दात आवळले. कानात रक्त वाजू लागलं, डोळ्यांपुढे ठिपके नाचले, तरी तिने श्वास सोडला नाही. सोडायचाच नाही असं तिने ठरवलं होतं.

आधी रेघ खाली आली. मग, तिने न सोडताच, तिच्या छातीतली हवा बाहेर पडली.